नॅनोव्हीएनएचं फर्मवेअर अडकलं तेव्हा: चार यंत्रांच्या दुरुस्तीच्या नोंदी

२१ जून २०२५

टेबलावर चार नॅनोव्हीएनए आहेत, म्हणजे अँटेना मोजायची हातात मावणारी यंत्रं. चारही चार घरांतून आलेली आणि चारही फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमधला कार्यक्रम, बदलताना अडकलेली. १३ जुलैला पुण्यात आम्हा हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचं अँटेना बांधण्याचं सत्र आहे. कॉलेजची मुलं दोन मीटरच्या पट्ट्यासाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी, अँटेना बनवणार आणि तिथेच मोजणार. प्रत्येक यंत्राचा मेनू वेगळा असला की शिकवणाऱ्याचा निम्मा वेळ "तुझ्याकडे ते बटण कुठे आहे" यातच जातो. म्हणून सगळ्यांनी एकाच आवृत्तीवर यायचं ठरवलं. शिवाय जुन्या फर्मवेअरमध्ये आलेखाला १०१ च बिंदू मिळतात, नव्यात जास्त मिळतात. अरुंद पट्ट्याची अँटेना बघताना हा फरक लगेच जाणवतो.

ठरवलं खरं, पण प्रत्येकाने घरी प्रयत्न केला आणि ही चार माझ्याकडे आली. ओळखू यावीत म्हणून रंगीत चिकटपट्ट्या लावल्या.

लाल: काकांचं २.८ इंची, २०१९ मधलं. फर्मवेअर लिहिलं जात असतानाच वीज गेली. आता पडदा नुसता पांढरा.

निळं: ४ इंची एच४. लिहिताना शंभर टक्के दाखवलं, सगळं हिरवं, आणि तरीही पडदा पांढरा.

पिवळं: तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं. यंत्र जुन्या फर्मवेअरवर नीट चालतंय, पण डीएफयू मोडमध्ये, म्हणजे यूएसबीवरून फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेत, टाकलं की लॅपटॉपला काहीच दिसत नाही.

हिरवं: फर्मवेअर लिहिलं गेलं, चालूही झालं, पण बोट एकीकडे टेकवलं तर दुसरंच बटण दाबलं जातं. आलेखही वरच्या टोकाला दातेरी.

आज फक्त नोंदी आणि तपासणी. पालख्या शहरात आहेत, पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे तपकीर गल्लीत जाऊन केबल वगैरे आणायचा प्रश्नच नाही.

आधी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण पहिला फोन येतो तो याच भीतीने: "मेलं का ते?" नाही, मेलेलं नाही. २.८ इंची मॉडेलमध्ये, म्हणजे एचमध्ये, एसटीएम३२एफ०७२ ही चिप असते आणि एच४ मध्ये एसटीएम३२एफ३०३. दोन्हींत यूएसबीवरून फर्मवेअर घेणारा बूटलोडर कारखान्यातच रॉममध्ये (न पुसता येणाऱ्या स्मृतीत) कोरलेला असतो. आपण लिहितो ते फ्लॅशमध्ये, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत. वीज जावो, चुकीची फाइल जावो, केबल निघो, रॉमला धक्का लागत नाही. पांढरा पडदा म्हणजे फ्लॅशमध्ये चालण्याजोगं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिप जळाली नसेल तर परत येण्याची वाट नेहमी उघडी असते. अडचण असते ती त्या वाटेवर पाऊल ठेवण्याची.

२२ जून

लाल यंत्र घेतलं.

यात फर्मवेअरच अर्धवट आहे, त्यामुळे मेनूतल्या कॉन्फिगमध्ये जाऊन डीएफयू निवडणं शक्य नाही. एच४ वर जॉगची (डावी-उजवीकडे सरकणारी) कळ दाबून धरून यंत्र चालू केलं की रॉमचा बूटलोडर जागा होतो. काकांच्या जुन्या बोर्डावर ती सोय नाही. उरतो एकच मार्ग: झाकण उघडायचं, बोर्डावरचा बूट-शून्य हा बिंदू ३.३ व्होल्टच्या बिंदूला जोडायचा आणि त्या अवस्थेत यंत्र चालू करायचं.

चार स्क्रू काढले. झाकण उचलताना बॅटरीची तार ताणली जाते, तेव्हा हळू. दोन्ही बिंदू जवळजवळ आहेत. चिमट्याची दोन टोकं दोन बिंदूंवर ठेवून स्विच सरकवायचा असा सगळ्यांचा सल्ला असतो. एका हाताने चिमटा, दुसऱ्या हाताने छोटा सरकता स्विच आणि बोर्ड टेबलावर घसरतोय. हे काही जमेना. चिमटा नेमका स्विच चालू होण्याच्या क्षणी हलतो आणि चिप बूट-शून्य बघते ती त्याच क्षणी. नंतर कितीही घट्ट दाबा, उपयोग नाही.

शेवटी दोन्ही बिंदूंना पातळ तारेचे तुकडे डाग देऊन जोडले आणि त्यांची टोकं मगरीच्या चिमट्यात एकत्र धरली. मग स्विच. पडदा तसाच पांढरा राहिला. असाच राहायला हवा, कारण रॉमच्या बूटलोडरला पडदा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मेनूतून डीएफयूत गेलात तर पडद्यावर तशी सूचना लिहिलेली दिसते. बूट-शून्यने किंवा जॉगने गेलात तर काहीच दिसत नाही. पुष्कळजण इथेच "पुन्हा फसलं" म्हणून यंत्र बंद करतात. पडद्याकडे बघू नका, संगणकाला विचारा.

लिनक्स लॅपटॉपवर यूएसबीची यादी काढली. ०४८३:डीएफ११ हा क्रमांक दिसला. हाच बूटलोडर. यंत्र नेहमीसारखं चालत असतं तेव्हा ०४८३:५७४० दिसतो. हे दोन क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा, यंत्र कोणत्या अवस्थेत आहे ते पडद्याशिवाय कळतं.

लगेच पुढचा अडथळा: फर्मवेअर लिहिणाऱ्या डीएफयू-युटिल या कार्यक्रमाने "डिव्हाइस उघडता येत नाही" असं सांगितलं. सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून तीच आज्ञा दिली, चालली. म्हणजे परवानगीचा प्रश्न. युडेव्हचा, म्हणजे लिनक्समधल्या यंत्रांच्या परवानग्यांचा, एका ओळीचा नियम लिहून तो कायमचा मिटवला.

आता या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट. डीएफयू-युटिलला नुसती यादी मागितली की चिप स्वतःबद्दल एक ओळ सांगते. त्यात फ्लॅशचा सुरुवातीचा पत्ता असतो, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ०८००००००, आणि पुढे पानांचा हिशेब. लाल यंत्राने सांगितलं ०६४ गुणिले ०००२के. म्हणजे दोन किलोबाइटची ६४ पानं, एकूण १२८ किलोबाइट. ही एफ०७२, म्हणजे एचची फाइल. एच४ असेल तर तिथे १२८ गुणिले ०००२के येतं, म्हणजे २५६ किलोबाइट. डब्यावर काय छापलंय, विकणाऱ्याने काय लिहिलंय, यापेक्षा या ओळीवर विश्वास ठेवा. फाइल निवडण्याआधी ही ओळ वाचायची, हा नियम आता आमच्या गटात पक्का केलाय.

लिहायच्या आधी आहे तसं फ्लॅश वाचून ठेवलं. पत्त्यापुढे लांबी द्यायची: एचसाठी १,३१,०७२ बाइट, एच४ साठी २,६२,१४४. अर्धवट फर्मवेअर कशाला जपायचं? कारण त्याच फ्लॅशच्या शेवटच्या भागात काकांची जुनी कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक यावं म्हणून साठवलेल्या दुरुस्त्या, आहेत. चिपला वाचनबंदी लावलेली असेल तर हा बॅकअप मिळत नाही, आणि बंदी काढली की सगळं पुसलं जातं. इथे बंदी नव्हती.

मग नव्या फर्मवेअरची बिन फाइल (जशीच्या तशी फ्लॅशमध्ये जाणारी) त्याच पत्त्यावर लिहिली. लिहून झाल्यावर यंत्राला लगेच "चालू हो" असं सांगितलं नाही. आधी फाइलच्या लांबीइतकंच परत वाचलं आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहिलं. जुळलं. मग तारा सोडवल्या, स्विच बंद केला, चालू केला. पडद्यावर जाळी आणि पिवळी रेघ आली.

काकांना फोन केला. "अहो काका, चालू झालं." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग म्हणाले, "त्याच्यावर मी चाळीस मीटरचा डायपोल लावलाय रे." त्या यंत्रावर त्यांचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच बॅकअप आधी घेतला.

एक भर. लिहिताना आज्ञेच्या शेवटी "लीव्ह" जोडलं तर यंत्र लगेच बूटलोडर सोडून नव्या फर्मवेअरमध्ये उडी मारतं. डीएफयू-युटिल मात्र शेवटचं उत्तर मागत बसतं, ते मिळत नाही, आणि "डाउनलोड गेट-स्टेटसमध्ये त्रुटी" असा संदेश येतो. त्या आधीच्या ओळीत फाइल पूर्ण उतरल्याचं लिहिलं असेल तर हा संदेश निरुपद्रवी आहे. तो बघून धडाधड पुन्हा लिहायला बसू नका. ज्यांना ही धाकधूक नको त्यांनी "लीव्ह" न लावता, मी केलं तसं, वाचून ताडावं आणि स्विचने बंद-चालू करावं.

काकांना सांगितलंय की डेस्कटॉपवरून फर्मवेअर लिहायचं नाही. बॅटरी असलेला लॅपटॉप वापरायचा. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

२४ जून

तपकीर गल्लीत जाऊन आलो. यूएसबी-ए ते सी, डेटा चालणाऱ्या दोन केबल, प्रत्येकी दीडशे रुपये. दुकानदाराकडे मल्टीमीटर होता, तिथेच चारही तारा बीप करून घेतल्या. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच आणि बाहेरून काही कळत नाही. या दोन केबलना लाल नळी चढवून ठेवली, घरातला कोणी फोन चार्ज करायला नेऊ नये म्हणून.

निळ्याला हात लावला नाही.

२८ जून

आज निळं. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि यातून शिकायलाही सर्वांत जास्त मिळालं.

जॉग दाबून चालू केलं, ०४८३:डीएफ११ लगेच दिसला. यादीत १२८ गुणिले ०००२के. म्हणजे एफ३०३, एच४. यंत्राच्या मालकाने फाइल कोणती वापरली ते विचारलं. फाइल एच४ चीच होती, आवृत्ती बरोबर होती. लिहिण्यासाठी विंडोजवर एसटीचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा, क्यूब-प्रोग्रॅमर वापरला, त्यानेही पडताळणी करून "यशस्वी" सांगितलं. मग पडदा पांढरा का?

पहिली शंका बॅटरीवर. बदलून पाहिली, फरक नाही. दुसरी पडद्यावर. चार इंची पडद्याची पट्टी कनेक्टरमधून सुटू शकते म्हणून झाकण उघडून ती पुन्हा बसवली. फरक नाही. यात दुपार गेली. या दोन्ही गोष्टी उघडण्याआधी एक साधा प्रश्न विचारता आला असता: यंत्र चालू केल्यावर ०४८३:५७४० दिसतो का? पडदा खराब पण फर्मवेअर चालू, अशा यंत्राचा हा क्रमांक दिसायला हवा. निळ्याचा दिसत नव्हता. म्हणजे फर्मवेअरच उभं राहत नाहीये, पडद्याचा दोष नाही.

मग फ्लॅश परत वाचलं. मालकाने लिहिलेलं तिथे होतंच. वाचलेल्या फाइलच्या पहिल्या ओळी हेक्समध्ये पाहिल्या आणि उत्तर समोर आलं. पहिल्या पाच बाइट ४४ ६६ ७५ ५३ ६५. ही अक्षरं आहेत, डी-एफ-यू-एस-ई. एसटीच्या डीएफयू फाइलच्या माथ्यावर हीच अक्षरं असतात.

झालं होतं असं. मालकाने उतरवलेली फाइल डीएफयू प्रकारची होती. क्यूब-प्रोग्रॅमरने ती घेतली नाही. कोणीतरी सांगितलं, नाव बदलून शेवटी बिन कर. त्यांनी नाव बदललं, प्रोग्रॅमरने निमूटपणे घेतली आणि फाइलच्या माथ्यासकट ०८०००००० पासून लिहिली. तो माथा २९३ बाइटचा असतो: ११ बाइट ओळखीचे, २७४ बाइट यंत्राच्या माहितीचे, ८ बाइट पत्ता आणि लांबीचे. त्यामुळे खरं फर्मवेअर २९३ बाइट पुढे सरकलं. चिप चालू होताना फ्लॅशच्या पहिल्या आठ बाइटमध्ये दोन पत्ते शोधते: स्टॅक कुठे आणि रीसेटनंतर कुठे उडी मारायची. तिथे तिला अक्षरं सापडली.

पडताळणी यशस्वी झाली होती हे खरंच होतं. जे लिहायला सांगितलं तेच लिहिलं गेलं होतं. प्रोग्रॅमर एवढीच हमी देतो.

डीएफयू-युटिल इथे जास्त सावध आहे. डीएफयू फाइल देऊन वर पत्ताही दिलात तर ते स्पष्ट नकार देतं की ही डीएफयूएसई फाइल आहे, थेट लिहिण्यासाठी नाही. त्या फाइलच्या शेवटी १६ बाइटची पुष्टी असते, त्यात तपास-बेरीजही असते, ती बघून ते ओळखतं. नाव काय आहे याला तिथे किंमत नाही.

आता आमच्या गटात फाइल लिहिण्याआधी तिच्या पहिल्या आठ बाइट बघायच्या असं ठरलंय. बिन फाइलची आठवी बाइट ०८ हवी, कारण पाचवी ते आठवी मिळून रीसेटचा पत्ता होतो आणि तो उलट्या क्रमाने लिहिलेला असतो. डी-एफ-यू दिसलं तर ती डीएफयू फाइल आहे. "डॉकटाइप" असं काही दिसलं तर ती फाइल नसून वेबपानच आहे. दुव्यावर उजवी टिचकी मारून साठवलं की हे हमखास होतं. अशी पानफाइल कोणी यंत्रावर लिहिली तरी वर सांगितलेला रॉमचा मार्ग आहेच.

निळ्यावर खरी बिन फाइल लिहिली, वाचून ताडली, बंद-चालू केलं. पडदा आला, ०४८३:५७४० आला.

२९ जून, रात्री

पिवळ्याची मालकीण लॅपटॉप घेऊन आली. "दादा, मी तीन ड्रायव्हर टाकले, एकही चालत नाही." तिचा लॅपटॉप विंडोज ११. पहिल्यांदा ड्रायव्हरला हात लावायचा नाही असं ठरवलं. पिवळं यंत्र डीएफयूत टाकून माझ्या लिनक्सला लावलं. तिथेही काही नाही. म्हणजे ड्रायव्हरच्या आधीच कुठेतरी तुटलंय. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण असलेलं का होईना, काही उगवलं तर ड्रायव्हरचा प्रश्न. काहीच उगवत नसेल तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही.

तिची केबल सी ते सी, फोनच्या चार्जरची. या यंत्रांच्या जुन्या बोर्डांवर सी-सॉकेटच्या सीसी पिनांना ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसतात. ते नसले की पलीकडच्या सी-पोर्टला कोणी जोडलंय हे कळतच नाही आणि तो वीजही सोडत नाही. ए ते सी केबलला ही अट नाही. लाल नळीची केबल लावली. चार्जिंगचा दिवा लागला, संगणकाला मात्र अजूनही काही दिसेना.

केबलची सी-पिन उलटी करून लावली. ०४८३:डीएफ११.

पुन्हा सुलटी लावली. गायब. उलटी, हजर. सी-सॉकेटमध्ये डेटाच्या पिनांची जोडी दोन्ही बाजूंना असते, ए६-ए७ आणि बी६-बी७. एक बाजू चालते आणि दुसरी नाही, म्हणजे एका बाजूचा डाग सुटलाय. भिंगाखाली पाहिलं तर एका पिनेखाली केसाएवढी भेग दिसली. फ्लक्स लावून बारीक टोकाच्या गनने तो डाग पुन्हा दिला. दिला तिनेच, मी फक्त बोर्ड धरला. हात स्थिर आहे तिचा. आता दोन्ही बाजूंनी चालतं. सॉकेटचे बाकीचे डागही फार भरवशाचे वाटत नाहीत.

मग विंडोज. तिने टाकलेले तीन ड्रायव्हर एकमेकांच्या वाटेत होते. जुन्या डीएफयूएसई कार्यक्रमाचा एसटीट्यूब३० हा ड्रायव्हर विंडोजची मेमरी इंटिग्रिटी अडवते. पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो की ती सुरक्षाच बंद करा. मला हे मान्य नाही. ज्या लॅपटॉपवर तिचे बँकेचे आणि परीक्षेचे व्यवहार चालतात त्याची सुरक्षा एका जुन्या ड्रायव्हरसाठी का उघडी ठेवायची? तिन्ही ड्रायव्हर काढले, काढताना "फाइलीही पुसा" हा चौकोन भरला. तो नाही भरला तर विंडोज जुनाच परत आणून बसवतं. मग झॅडिग या ड्रायव्हर बसवणाऱ्या कार्यक्रमाने एसटीएम३२ बूटलोडर या नोंदीला विनयूएसबी ड्रायव्हर दिला. डीएफयू-युटिलला विंडोजवर तोच लागतो.

यादी: ०६४ गुणिले ०००२के. पहिल्या आठ बाइट तिने स्वतः तपासल्या. बॅकअप, लिहिणं, ताडणं, बंद-चालू. पिवळं चालू. पावणेबारा वाजले होते, तिला घरी सोडून आलो.

२ जुलै

हिरवं.

फर्मवेअर चालू आहे पण स्पर्श भलतीकडे. याचं कारण आधीच्या कामातूनच लक्षात आलं होतं. फर्मवेअर लिहिताना डीएफयू-युटिल तेवढीच पानं पुसतं जेवढी नव्या फाइलला लागतात. फ्लॅशच्या शेवटच्या पानांवरच्या सेटिंग्ज तशाच राहतात. नवं फर्मवेअर जुन्या आवृत्तीच्या मांडणीतले आकडे नव्या अर्थाने वाचू लागलं की स्पर्शाचे कोपरे सरकतात.

बोटाने मेनूपर्यंत पोचता येत नसेल तर घाबरू नका. जॉगची कळ दाबली की मेनू उघडतो, डावी-उजवीने सरकायचं, दाबून निवडायचं. मी मात्र सिरीयल टर्मिनलमधून, म्हणजे संगणकावर आज्ञा टाइप करून, गेलो. विंडोजवाल्यांना पुटी चालेल. तिथे क्लिअरकॉन्फिग आणि पुढे १२३४ अशी आज्ञा द्यायची. तो आकडा चुकून पुसलं जाऊ नये म्हणून ठेवलेली किल्ली आहे. मग बंद-चालू करून टच कॅल (स्पर्शाची जुळणी), दोन्ही कोपऱ्यांवर टोकदार लाकडी काडीने टेकवलं, आणि कॉन्फिगमधून सेव्ह. हे सेव्ह विसरलं की पुढच्या वेळी स्पर्श पुन्हा बिघडलेला दिसतो आणि माणूस फर्मवेअरला दोष देतो.

इतकं झाल्यावर कॅलिब्रेशनही गेलेलं असतं हे उघड आहे. लाल, निळ्या आणि पिवळ्यावरही हीच साफसफाई केली. त्यांत वरकरणी काही बिघाड दिसत नव्हता, पण जुन्या आकड्यांवर नवं फर्मवेअर चालवायला माझं मन तयार होईना. काकांचा जुना बॅकअप वेगळा ठेवलाय, पण त्यातली कॅलिब्रेशन नव्या आवृत्तीत वापरायची नाहीत हे त्यांना सांगितलं. त्यांना थोडं वाईट वाटलं.

हिरव्याचा दातेरी आलेख राहिला. ३०० मेगाहर्ट्झपर्यंत स्वच्छ, त्यापुढे करवतीसारखा. ३०० च्या आसपासपासून हे यंत्र घड्याळाच्या (वारंवारता तयार करणाऱ्या) चिपचा मूळ सूर सोडून तिच्या हार्मोनिकवर (पटीतल्या सुरांवर) मोजतं, त्यामुळे गोंगाट थोडा वाढतोच, पण एवढा नाही. नव्या बोर्डांवर एसआय५३५१ या घड्याळाच्या चिपच्या जागी एमएस५३५१ ही चिप असते. फर्मवेअरच्या एक्स्पर्ट सेटिंग्जमध्ये मोड म्हणून निवड आहे, तिथे पहिलं नाव निवडलेलं होतं. ते बदलून एमएस केलं, सेव्ह केलं, पुन्हा कॅलिब्रेट केलं. दाते गेले.

५ जुलै

चारही यंत्रांची एकमेकांशी तुलना. फर्मवेअर बसलं आणि पडदा आला म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. मुलं यावर अँटेना कापणार आहेत. यंत्र चुकीचं सांगत असेल तर पितळेची नळी वाया जाईल, आणि पहिल्यांदा काही बांधणाऱ्या मुलाचा विश्वास उडेल तो निराळाच.

प्रत्येकावर १ ते १५० मेगाहर्ट्झ असा पट्टा घेऊन ओपन, शॉर्ट, लोड, मग आयसोलेशन आणि थ्रू, अशी कॅलिब्रेशनची पाचही पावलं. शून्य क्रमांकाच्या जागी साठवलं, कारण चालू होताना यंत्र तेच उचलतं.

यानंतर लोक तोच ५० ओहमचा लोड पुन्हा लावतात, रेघ खाली गेली की खूश होतात. त्याने काही सिद्ध होत नाही. ज्याला ५० ओहम म्हणून यंत्राला शिकवलं तेच ते परत सांगतं. तपासायला दुसरी वस्तू हवी. मी एसएमए कनेक्टरवर १०० ओहमचा एसएमडी रेझिस्टर डाग देऊन ठेवलाय. त्याचा एसडब्ल्यूआर (५० ओहमशी किती जुळतं त्याचं माप) २ यायला हवा. लाल, पिवळं, हिरवं २ च्या अगदी जवळ. निळ्याने १.८ च्या खाली दाखवलं.

निळ्याच्या कॅलिब्रेशनचा शॉर्ट सैल होता. आटे अर्धेच बसलेले. पुन्हा केलं, २ वर आलं. ५० ओहमच्या लोडने तपासलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं.

दुसरी तपासणी एक मीटर आरजी-५८ केबलची, पलीकडचं टोक उघडं. घन पॉलिइथिलीनच्या या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट. ३०० भागिले ४ गुणिले ०.६६, म्हणजे ४९.५ मेगाहर्ट्झला ती पाव लहर होते आणि उघडं टोक यंत्राला शॉर्टसारखं दिसतं. चारही यंत्रांवर ते ४९ च्या आसपास आलं. चौघांत आपसात दिसण्याजोगा फरक नाही. कनेक्टरची लांबी धरली तर एवढं खाली येणं बरोबरच आहे. काकांचं २०१९ चं यंत्र आणि काल-परवाचं एच४ एकच उत्तर देतायत हे बघून फार बरं वाटलं.

१२ जुलै

उद्या सत्र. प्रत्येक यंत्राच्या डब्यात झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: चिपने सांगितलेली पानांची संख्या, फर्मवेअरची आवृत्ती, घड्याळाच्या चिपचा मोड, डीएफयूत जायची पद्धत, बॅकअप फाइलचं नाव. लालच्या बोर्डावरचे तारेचे दोन तुकडे काढले नाहीत. टोकांना नळी चढवून झाकणाखाली ठेवलेत, पुढच्या वेळी चिमट्याशी झटापट नको.

गटात कळवलंय की सत्र होईपर्यंत कोणीही नवी आवृत्ती टाकायची नाही. आज सकाळीच एकाने विचारलं होतं.

खर्च: केबल ३००, फ्लक्स आणि बारीक डागाची तार मिळून १८०. बाकी सगळं घरातलंच.

पिवळ्याचं सी-सॉकेट बदलायचं राहिलंय. नुसत्या गनने सोळा पिनांचं सॉकेट निघणार नाही, गरम हवेचं स्टेशन लागेल. ते काकांकडे आहे. सत्र झालं की पुढच्या शनिवारी ती आणि मी त्यांच्याकडे जाऊ. सॉकेट दोन मागवलीत, एक फाटलं तर.